सविलाचा नकार

सविलाने भर मंडळीत जन्मात एकदाच ‘नाही’ म्हटलं होतं. एरवी ती ‘हो’ म्हणणाऱ्यांतली. बाप्तिस्म्याला हो, एनॉसने मागणी घातली तेव्हा हो, सासूच्या अखेरच्या चार वर्षांच्या अंथरुणालाही हो. ज्या एका गोष्टीला ती नाही म्हणाली, तीच नेमकी तिच्या मुळावर आली.

आमच्या लोकांना मोटार वर्ज्य, आम्ही घोड्याच्या बग्गीने जातो. गोष्ट होती त्या बग्गीच्या मागे लावायच्या पत्र्याच्या तिकोनाची. नारिंगी रंगाचा, वीतभर रुंद, आणि अंधारात मोटारीचा उजेड पडला की निखाऱ्यासारखा पेटणारा. खोऱ्यातल्या इतर मंडळ्यांनी तो केव्हाच लावला होता. सविलाच्या मंडळीचं वळण मात्र जुनं. बग्गीच्या पाठीवर करड्या पट्ट्या आणि डाव्या अंगाला एक कंदील, बस्स. भडक रंग म्हणजे मिरवणं आलं. आणि माणसाने कापलेल्या पत्र्यावर भिस्त ठेवायची, तर मग देवाला कशाला हाक मारायची? सरकारने सांगूनही हा तिकोन लावला नाही म्हणून सविलाचे वडील अकरा दिवस तुरुंगात बसून आले होते, तेव्हा कुठे सरकारने पट्ट्या-कंदील चालवून घेतले. ते सुटून आले तेव्हा ती सात वर्षांची होती. मंडळीतले पुरुष एकेक करून त्यांचा हात हातात घेत होते आणि ही त्यांच्या कोटाचं टोक धरून उभी होती. तो दिवस तिने पुढे चाळीस वर्षं जपला, आणि जपता जपता त्याला जरा जास्तच चकाकी आणली.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, प्रभुभोजनाच्या दोन आठवडे आधी नियमांची सभा भरते त्या सभेत, बिशप टोबायसने तिकोनाचा प्रश्न मांडला. आमच्याकडे नियम बदलायचा तर सगळ्यांचा होकार लागतो. एकाचा जरी नकार आला तरी गोष्ट तिथेच राहते. डीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा सेवक, बायकांच्या बाकांवरून कान पुढे करत आला. कबूल, कबूल, कबूल. सविलापाशी आला तेव्हा ती हलकेच म्हणाली, “नाही.” म्हणताना तिच्या छातीत कसं ऊबदार वाटलं. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला देव आठवलाच नव्हता. बाप आठवला होता.

नंतर भांडी धुताना म्हातारी केटी तिच्या दंडाला चिमटा काढत म्हणाली होती, “शोभतेस गं बापाची लेक!” नकार कोणाचा हे कोणी सांगत नसतं, पण कळायचं ते सगळ्यांना कळतंच. सविला महिनाभर त्या एका वाक्यावर जगली.

आणि गेल्या नोव्हेंबरात वर्ना गेली.

वर्ना तिची थोरली. वय एकवीस. चार मैलांवरच्या एका खोलीच्या शाळेत शिकवायची. तशी हसरी, आणि नकला करण्यात हात धरणारं कोणी नाही. बिशप टोबायसचं प्रवचनाआधीचं खाकरणं तर ती असं काही करून दाखवायची, की एनॉस रागावू की हसू करत गोठ्यात निघून जायचा. त्या दिवशी फळा पुसून, शेगडीतली राख काढून निघायला तिला उशीर झाला. पाच वाजून गेले होते, भुरभुर पाऊस होता. शाळेच्या वाटेवरच्या चढाच्या पलीकडे धान्याचा ट्रक मागून आला. कंदील पेटलेला होता, हे पुढे पोलिसांनीही सांगितलं. पावसात करडी बग्गी आणि करडा रस्ता वेगळा दिसला नाही, एवढंच.

ट्रक चालवणारा कोडी नावाचा तिशीतला इंग्लिश माणूस होता. आमच्याबाहेरचे सगळे आम्हाला इंग्लिशच. वर्नाला घरी आणण्याआधीच एनॉस त्याच्या दारी गेला, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, “आम्ही तुला माफ केलंय. देवाने तिला नेलं. तू मनाला लावून घेऊ नकोस.” आमचं वळणच तसं आहे. कोडी दाराच्या चौकटीला धरून खाली बसला, म्हणे. तेव्हापासून तो दर शनिवारी येऊन सविलाच्या घरची लाकडं फोडतो. ती त्याला कॉफी देते, केक देते. तो खाली मान घालून खातो. ‘मागे तो नारिंगी तिकोन असता तर’ असं तो आजवर एकदाही म्हणालेला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं सविलाला हजारदा वाटलं.

मार्चमधल्या एका शनिवारी तिच्याच्याने राहवलं नाही. लाकडांच्या ढिगापाशी जाऊन ती म्हणाली, “कोडी, तो तिकोन लावायचा असं सगळे म्हणत होते. मी एकटीच ‘नाही’ म्हणाले.”

कोडीने कुऱ्हाड खाली ठेवली. मग म्हणाला, “बाई, असं सांगून माझं ओझं हलकं करू नका. मला ते चालायचं नाही.”

“तुझं हलकं करत नाहीये रे. माझं सांगतेय.”

त्याला ते उमगलं की नाही कोण जाणे. पुढच्या शनिवारी तो गेल्यावर ओसरीच्या बाकाखाली गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी सापडलं. कोरा करकरीत नारिंगी तिकोन होता. सविलाने तो उचलून गोधड्यांच्या पेटीत तळाशी ठेवला. एनॉसला सांगितलं नाही.

सांगायचं तर काय सांगणार? वर्नाची जागा आता धाकट्या फॅनीने घेतली होती. अठरा वर्षांची पोर, त्याच शाळेत, त्याच रस्त्याने, तशाच करड्या बग्गीतून. शाळेला कोणीतरी हवंच होतं, आणि फॅनी आपणहून पुढे झाली. उन्हाळ्यात ठीक होतं. पण ऑगस्टअखेर शाळा पुन्हा भरली आणि दिवस लहान होऊ लागले, तशी सविलाची संध्याकाळची भूकच गेली. चार वाजले की ती खिडकीशी. एकदा बटाटे करपून कोळसा झाले, धूर घरभर झाला, तरी ही तिथेच.

शेवटी ती बिशप टोबायसकडे गेली. तो मक्याची कणसं सोलत बसला होता. त्याने तिला उलटी बादली बसायला दिली.

“टोबायस, मला कबुली द्यायची आहे,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर, गुडघ्यांवर बसून. मी अहंकारापायी नाही म्हणाले होते. माझ्या बापाच्या नावासाठी. मला शिक्षा द्या. सहा आठवडे वाळीत टाका. वेगळ्या टेबलाशी बसेन, माझ्या हातातून कोणी काही घेऊ नका. आणि मग सातव्या आठवड्याला मला हात धरून उठवा. एवढंच मागतेय.”

टोबायसने हातातलं कणीस पूर्ण सोललं. “वळण पाळलंस त्याची शिक्षा देऊ? हे पाप कधीपासून झालं गं? उद्या लोक म्हणतील, जुन्या नियमाला धरून राहणारी सविला वाळीत, मग नियम काय कामाचा?”

“मग माझी माफी कोणाकडे आहे?”

“माफी गुन्ह्याला असते. तुझा गुन्हाच नाही.”

हे ऐकून माणसाला हलकं वाटायला हवं. सविलाला वाटलं, आपल्यामागे दार लावून घेतलं कोणीतरी. कोडीला माफी मिळाली होती, पहिल्याच संध्याकाळी, न मागता. तिला मागूनही मिळेना. कारण तिने काही चुकीचं केलंच नव्हतं!

“निदान पुन्हा विचारा तरी सभेत,” ती म्हणाली. “फॅनी रोज त्या रस्त्याने जाते.”

म्हाताऱ्याने डोळे चोळले. तो वाईट माणूस नव्हता. वर्नाच्या मातीच्या दिवशी प्रवचन करताना त्याचा आवाज दोनदा गेला होता. “विचारतो. पण एकदाच. पुन्हापुन्हा एकच प्रश्न काढला तर मंडळीत तडे जातात. या खेपेला नकार आला, तर मी आहे तोवर तिकोनाचं नाव निघणार नाही. चालेल?”

“चालेल,” सविला म्हणाली. आता नाही कोण म्हणणार होतं? नाही म्हणणारी तर तीच होती.

घरी येऊन तिने एनॉसला सगळं सांगितलं, पेटीतल्या तिकोनासकट. एनॉस घोड्याच्या नालातला खडा काढत होता. त्याने वर पाहिलं नाही. “बरं,” म्हणाला. एनॉसचं ‘बरं’ म्हणजे बरंच असतं, असं सव्वीस वर्षांच्या संसारात तिने धरलं होतं.

सभा एली श्लाबाखच्या कोठारात भरली. सकाळी साडेआठला बसलेली माणसं, पाठीला टेकू नसलेले बाक. आदामापासून सुरू झालेलं प्रवचन दुपारी दोन वाजता कुठे वाळवंट ओलांडून नियमांवर आलं. टोपीची कड किती, पडद्यांचा रंग कोणता, दुधाच्या टाकीला यंत्र चालेल की नाही. सविलाच्या कानात नुसती गुणगुण होत होती. अखेर टोबायस खाकरला. तिला एकदम वर्ना आठवली.

टोबायसने तिकोनाचं विचारलं. का विचारतोय हे सांगायची गरज नव्हती. डीकन बायकांकडे निघाला, दुसरा पाळक पुरुषांकडे. सविलापाशी डीकन वाकला तेव्हा ती इतक्या घाईने “कबूल” म्हणाली, की शेजारच्या बाईने वळून पाहिलं. पुढे केटी, पुढे पोरींचे बाक, तिथे फॅनी. सविला मोजत राहिली. कोणी थांबलं नाही, खात्री करायला डीकन कोणाशी दुसऱ्यांदा वाकला नाही. तिच्या जिवात जीव आला. उद्या सोमवार. आज घरी गेल्यावर पेटी उघडायची, चार खिळे ठोकायचे, उद्या सकाळी पोर निघेल ती नारिंगी पाठीने निघेल.

डीकन आणि पाळक टोबायसच्या कानाशी लागले. टोबायसने सविलाकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती. तिला कळेना, कीव कशाची.

“एक जण सहमत नाही,” टोबायस म्हणाला. “तेव्हा वळण आहे तसंच राहील.”

कोठारात हालचाल झाली नाही, पण बायकांच्या बाजूच्या साऱ्या टोप्या हळूहळू सविलाकडे वळल्या. एका क्षणात तिला उमजलं. सगळ्यांना वाटलं होतं, तीच! मागेही तीच, आताही तीच. तिला ओरडावंसं वाटलं, ‘मी नाही, मी नाही!’ पण भर सभेत बाई ओरडत नाही. आणि मी नाही म्हणायचं, म्हणजे मग कोण, हे सगळ्यांना शोधायला लावायचं.

आणि अजून एक प्रश्न उरला होता. प्रभुभोजनाआधी प्रत्येकाला विचारतात: देवाशी, मंडळीशी, या नियमांशी तुझं मन शांत आहे ना? एकाचं जरी नसलं तरी भोजन थांबतं, सगळ्यांचं. डीकन पुन्हा वाकला. सविलाने त्याच्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं, तिने कबूल म्हटलं होतं. तोही बिचारा तोंडाला कुलूप लावून होता. मागच्या बाकावर महिन्याभरापूर्वी बाळंत झालेली मुलगी, पलीकडे यंदाचं भोजन कदाचित शेवटचं ठरेल असा खोकणारा म्हातारा. यांचा भाकर-द्राक्षारस आपल्यापायी अडवायचा?

“शांत आहे,” ती म्हणाली. हे मात्र पाप होतं. त्याची कबुली ती कोणाला देणार?

नंतर भांड्यांपाशी बायका एकेक करून आल्या. कोणी खांदा दाबला, कोणी नुसतं पाहिलं. केटीने ओल्या हातांनी तिचं तोंड धरलं. “पोर देऊनही ढळली नाहीस गं. माझ्याच्याने झालं नसतं.” आणि ती वळल्यावर दुसरी कोणीतरी पुटपुटली, ते सविलाला नीट ऐकू आलं. “सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आता दुसरी पोर आहे ना त्याच रस्त्यावर.” सविला बशी पुसत राहिली. कोरडी झालेली बशी पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

परत येताना बग्गीत ती आणि एनॉस दोघंच. फॅनी मैत्रिणींबरोबर मागे राहिली होती, तिची बग्गी वेगळी. वर्ना गेली तो चढ आला. एनॉसने लगाम आवळला, घोडा चालीवर आला.

“केटीसकट सगळ्या म्हणतात, मीच ‘नाही’ म्हणाले,” सविला म्हणाली. “बायकांत कोणीच नव्हतं एनॉस. मी मोजलं. पुरुषांतलं कोणीतरी आहे. कोणाचं काय बिघडवलं होतं रे वर्नाने?”

एनॉसने लगाम दुसऱ्या हातात घेतला.

“एलीचा म्हातारा असेल. त्याला ऐकू कमी येतं, काहीतरी भलतंच—”

“मी होतो,” एनॉस म्हणाला.

सविलाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. एनॉस समोर घोड्याच्या कानांकडे पाहत होता. त्याच्या दाढीतून पाणी ओघळत होतं.

“त्या संध्याकाळी त्या माणसाच्या दारात उभा होतो तेव्हा एकच गोष्ट पायाखाली होती माझ्या,” तो म्हणाला. “देवाने नेली. तिची घटका भरली होती. त्या एका फळीवर वर्षभर उभा आहे, सविला. आता तो पत्रा लावायचा, आणि पुढच्या वर्षी त्याने कोणाची पोर वाचायची. मग मी काय समजू? की माझी एका पत्र्याच्या तुकड्यासाठी गेली? मग त्या माणसाला काय म्हणून माफ केलं मी? आणि तुला—” तो थांबला. “मग मला तुला माफ करावं लागेल. आणि ते मला जमेल की नाही, मला माहीत नाही. म्हणून नाही म्हणालो.”

सविलाने त्याच्याकडे पाहिलं. रागवायला हवं होतं. किंचाळायला हवं होतं, की अरे, फॅनीचं काय! पण कोणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. तिचाच तीन वर्षांपूर्वीचा नकार त्याच्या तोंडून बाहेर पडला होता. तिने बापासाठी म्हटला, त्याने लेकीसाठी. चढ संपला. एनॉसने लगाम सैल केला.

फॅनी दिवेलागणीच्या आत आली. संध्याकाळी तिघं टेबलाशी बसली. ब्रेड, बीटचं लोणचं, थंड मांस. जेवणाआधीची मूक प्रार्थना झाली. फॅनीने दोन घास खाल्ले आणि काटा खाली ठेवला.

“आई, एक विचारू?”

“विचार ना.”

“तूच ना ती?”

एनॉसचा हात ताटावर थांबला. सविलाने त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द, बस. पण तो मूग गिळून बसला होता, आणि त्याचा चेहरा एका दिवसात म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. खरं सांगितलं तर काय होईल? नियम बदलणार नव्हता. टोबायस हयात असेतो कोणी विचारणार नव्हतं. रस्ता तोच राहणार, पट्ट्या करड्याच राहणार. फक्त पोरीचा बाप जाईल. आणि पहिला नकार तर खरोखर तिचाच होता.

“हो,” सविला म्हणाली. “मीच.”

फॅनीने ताट पुढे सारलं. “सगळ्या म्हणत होत्या. मी भांडले त्यांच्याशी, आई. मी म्हटलं, माझी आई असं करणारच नाही. दोघींशी बोलणं तोडून आले मी.” तिने डोळे पुसले. “ताईच्या वेळी तुला कळलं नाही, ते मी समजू शकते. आता तर कळत होतं ना?”

“कळत होतं,” सविला म्हणाली.

एनॉसने जेवणानंतरच्या प्रार्थनेसाठी मान खाली घातली. आमच्याकडे बापाने खाकरल्याशिवाय कोणी मान वर करत नाही. एनॉस खाकरला नाही. घड्याळाचा काटा पुढे गेला, चुलीत लाकूड कोसळलं, तरी तो मान खाली घालून बसून होता. जन्मात पहिल्यांदा फॅनी बापाच्या आधी उठली. जाताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, बाबा,” म्हणाली.

सकाळी पाऊस भुरभुरत होता. फॅनीने घोडा जुंपला, कंदिलात तेल भरलं. सविलाने नेहमीसारखा जेवणाचा डबा भरला, वर एक सफरचंद ठेवलं आणि अंगणात जाऊन पुढे केला.

फॅनीने हात पुढे केला नाही. ती लगाम धरून उभी राहिली, आईच्या हाताकडे पाहत. सविला थोडा वेळ तशीच उभी होती. मग तिला कळलं. तिने डबा पायरीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली.

फॅनीने तो उचलला, बग्गीत बसली आणि निघाली. वळणावर पोचेपर्यंत कंदील दिसत होता. नंतर तोही दिसेना.

सविला आत आली. सात वाजले होते. पोर परत यायला अजून दहा तास होते, आणि सहा आठवड्यांनी हात धरून उठवायला कोणी येणार नव्हतं.